आधी पाणी मोजा, मग झाड आणा: आपल्या हवेत कीटकभक्षी वनस्पती

माझं पहिलं व्हीनस फ्लायट्रॅप साडेचार महिन्यांत गेलं. मारलं कुणी, तर घरातल्या सगळ्यांनी मिळून. मी त्याला फिल्टरचं पाणी घालत होते. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी पेन्सिलीने त्याची तोंडं मिटवून बघायचा. आणि एक दिवस आईने 'बिचारं किती मरगळलंय' म्हणून मूठभर गांडूळखत घातलं. आठवड्याभरात ते काळं पडलं. आईचा तरी काय दोष? तिच्या हातचा मोगरा, कढीपत्ता, ब्रह्मकमळ सगळं खतावरच वाढलंय. ही झाडं मात्र उलट्या रीतीची. ज्या दलदलीत, ज्या कातळावर मुळांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली, म्हणून तर किडे धरायला शिकली. आपण मायेने खत घालतो ते त्यांच्या मुळांना विषासारखं लागतं.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. ठाण्यात चौथ्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड असलेल्या चार फुटी गॅलरीत आज माझ्याकडे दोन घटपर्णी, पाच-सहा ट्रे चिकट पानांचे दवबिंदू आणि एका बादलीत पाण्यातले बारीक किडे धरणारी युट्रिक्युलॅरिया आहे. फ्लायट्रॅप एकही नाही. का नाही ते पुढे येईलच.

पाणी

झाड घ्यायच्या आधी टीडीएस मीटर घ्या. पेनाएवढा असतो, ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळतो. पाण्यात विरघळलेले क्षार तो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे दाखवतो. या झाडांसाठी आकडा ५० च्या आत हवा. त्याच्या थोडं वर गेलं तर काही जाती महिनोन्‌महिने तग धरतात, पण क्षार कुंडीत साठत जातात आणि एक दिवस झाड अचानक बसतं. बोअरवेलचं पाणी तर विसराच.

माझी चूक इथेच झाली होती. आरओ म्हणजे शुद्ध, असं मी धरून चालले. मीटर बुडवला तेव्हा ११० आकडा आला. बऱ्याच घरगुती फिल्टरमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळायची सोय असते, आणि बसवणारा माणूस तो स्क्रू आपल्या अंदाजाने फिरवून जातो. तेव्हा आरओ वापरा, पण मोजून. बाटलीबंद मिनरल वॉटर नको. नावातच मिनरल आहे.

उत्तम म्हणजे पावसाचं. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस सोडून द्या, पत्र्यावरची धूळ आणि कबुतरांचा प्रसाद धुऊन जाऊ दे. मग वीस लिटरच्या जारमध्ये भरा, झाकण घट्ट लावा, सावलीत ठेवा. किती साठवायचं? माझा हिशेब असा: एक फूट लांब, पाऊण फूट रुंद ट्रेमधून रोज साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी उडतं. ऑक्टोबर ते मे धरा आठ महिने. म्हणजे एका ट्रेला चार-पाच जार. दुसऱ्या ट्रेचा मोह होईल तेव्हा हे गणित आठवा.

जार ठेवायला जागा नसेल तर एसीच्या नळीखाली बादली लावा. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून हे पाणी होतं, त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत रात्रभरात सहज काही लिटर जमतं. पुण्यात एप्रिलमध्ये मात्र बादलीचा तळच ओला होतो, कारण हवेत वाफच नसते. एसीची सर्व्हिसिंग झाल्यावर पहिल्या एक-दोन बादल्या ओतून द्या, कॉइल धुवायचं रसायन त्यात येतं. आणि अगदीच अडलं तर गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिमिनरलाइज्ड पाणी चालतं. लेबल वाचून घ्या, शेजारच्याच फळीवर ॲसिडचा कॅन असतो.

कोणतं झाड घ्यायचं

इथे बहुतेकांची घाई होते. सगळ्यांना पहिलं फ्लायट्रॅपच हवं असतं. पण ते अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवरचं झाड आहे. तिथे हिवाळ्यात खरी थंडी पडते आणि ते तीन-चार महिने झोपतं. आपल्याकडे जानेवारीतही ठाण्याची रात्र त्याला झोपवण्याइतकी गार होत नाही. झोप न मिळालेलं झाड पहिलं वर्ष काढतं, दुसऱ्या वर्षी खंगतं. हौशी लोक डिसेंबरमध्ये ते उपटून, मुळं धुऊन, स्फॅग्नम नावाच्या ओलसर शेवाळात गुंडाळून, बुरशीनाशक मारून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवतात. जमतं. पण कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ते ओळखून न टाकणारं घर हवं. महाबळेश्वर-पाचगणीला राहत असाल तर जरूर लावा. नळीसारख्या पानांच्या सारासेनियाची गोष्टही हीच.

आपल्या हवेतलं सोपं झाड म्हणजे ड्रॉसेरा, आपला दवबिंदू. त्यातही ड्रॉसेरा बर्मानी. हा मुळात आपल्याकडचाच. कोकणातल्या सड्यांवर, कास पठारावर उगवतो. जमिनीला चिकटलेलं रुपयाएवढं लालसर चक्र, त्यावर डिंकाचे थेंब. वर्षभरात आयुष्य संपतं, पण जाताना मोहरीहून कितीतरी बारीक बी ढीगभर टाकून जातो. स्पॅट्युलाटा याहून टिकाऊ, अनेक वर्षं जगतो. सावलीची गॅलरी असेल तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधला अडेली घ्या; त्याला कडक ऊन नको, दमट हवा हवी, आणि मुळांतून पिल्लं काढत तो कुंडी भरून टाकतो. कॅपेन्सिस नेटवर सगळीकडे 'नवशिक्यांसाठी' म्हणून सांगतात, पण तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा. आपल्या मे महिन्यातल्या उकाड्याच्या रात्री त्याला सोसत नाहीत. पुण्या-नाशकात बरा रुळतो.

घटपर्णींत, म्हणजे नेपेंथिसमध्ये, विकत घेताना एकच प्रश्न: सखल भागातली की डोंगरावरची? बोर्निओच्या किनाबालू डोंगरावरची राजा नावाची प्रचंड घटांची जाती फोटोत पाहून जीव तुटतो, पण तिला रोज रात्री गारवा लागतो. तो आपण देणार कुठून? वेंट्राटा नावाचा संकर सगळ्यांत सोशिक. माझं पहिलं यशस्वी झाड तेच. किनारपट्टीवर राहत असाल तर मिराबिलिस, रॅफ्लेसियाना, अँप्युलारिया या सखल जाती आणि मिरांडा हा संकर घ्या. अँप्युलारियाचे बुटके गोल घट वरून पडणारा पालापाचोळाही पचवतात, मांसाहारी घराण्यातलं अर्धं शाकाहारी पात्र म्हणा.

कुठून आणायचं, कुठून नाही

सप्टेंबरमध्ये कासला सगळे कॅमेरे सीतेच्या आसवांच्या निळ्या-जांभळ्या गालिच्यावर रोखलेले असतात. फार थोड्यांना ठाऊक असतं की ती आसवंही कीटकभक्षी आहेत. त्यांचे सापळे जमिनीखाली, टाचणीच्या डोक्याहून लहान. दवबिंदू तर पायाखाली असतो. 'एक चिमूटभर उचललं तर काय होतं?' असं वाटतं. कायद्याचं सोडा, ते राखीव वन आहे हेही क्षणभर सोडा. ती झाडं वर्षायू आहेत. फुलताना दिसतात तेव्हा ती आयुष्याच्या शेवटाला आलेली असतात. घरी आणलेला दवबिंदू दिवाळीपर्यंतही टिकत नाही, आणि पठारावर त्याचं पडणारं बी मात्र तेवढं कमी होतं.

महाराष्ट्राच्या रानात घटपर्णी नाही. भारतात तिची एकच रानटी जाती, नेपेंथिस खासियाना, मेघालयात. गारो लोक तिला मेमंग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहे, शिवाय साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात. कुणी 'थेट मेघालयातून आणून देतो' म्हणालं तर नमस्कार करा आणि निघा.

मग घ्यायचं कुठून? देशातल्याच नर्सरीत टिश्यू कल्चरने, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत, वाढवलेली रोपं मिळतात. मुंबईत राणीच्या बागेतलं आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघायला जाताच, तर ऑर्किडवाल्यांच्या टेबलावर नजर टाका. कधी घटपर्णी असते, नसली तरी स्फॅग्नम मॉस आणि पत्ते मिळतात. सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे दुसरा हौशी. बर्मानी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तो जास्तच असतो.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याला विचारायचं ते असं. आजचा फोटो, शेजारी नाणं ठेवून. झाड लॅबमधून बाहेर येऊन किती महिने झाले. तीनच्या आत असेल तर नवशिक्याने नको म्हणावं. जातीचं पूर्ण नाव काय. नुसतं 'पिचर प्लांट' हे उत्तर आलं तर ते सखल की डोंगरी हे त्यालाही माहीत नाही. पार्सल सोमवारी पाठवायला सांगा, म्हणजे रविवारी गोदामात उकडत पडणार नाही. एप्रिल-मे टाळा. जुलै-ऑगस्ट किंवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

बियांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. 'रंगीबेरंगी फ्लायट्रॅप, १०० बिया' अशा जाहिराती असतात. एकदा मीही मागवल्या. उगवली ती कुठलीशी तण. फ्लायट्रॅपचं बी काळं, चकचकीत, एखाद मिलिमीटरचं. ड्रॉसेराचं तपकिरीसारखं बारीक. घटपर्णीचं दोऱ्याच्या तुकड्यासारखं, आणि ते फार दिवस जिवंत राहत नाही, तेव्हा पाकिटात महिनोन्‌महिने पडलेलं बी घेऊन उपयोग नाही.

परदेशातून मागवणार असाल तर प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ खाली आयात परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोप निरोगी असल्याचं) सर्टिफिकेट लागतं, आणि घटपर्णी, सारासेनिया, फ्लायट्रॅप साइट्सच्या यादीत असल्याने त्याचे कागद वेगळे. 'गिफ्ट लिहून पाठवतो' म्हणणाऱ्याचं पार्सल कस्टममध्ये अडलं की झाडही गेलं आणि पैसेही.

पार्सल उघडल्यावर

लगेच गॅलरीत ठेवू नका. मुळांभोवतीचा मॉस तसाच राहू द्या, नव्या कुंडीत बसवा, आणि वरून पारदर्शक डबा किंवा पिशवी उपडी घालून खिडकीजवळ उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा. चार-पाच दिवसांनी पिशवीला एक भोक, मग दोन, मग दिवसा तासभर उघडी. दोन-तीन आठवड्यांत ती पूर्ण काढायची. या काळात घटपर्णीचे आलेले घट वाळतात. वाळू द्या. नवं पान निघतंय ना, तेवढंच बघायचं. प्रवासात घटातलं पाणी सांडलं असेल तर शुद्ध पाणी चतुर्थांशापर्यंत भरा, काठोकाठ नाही. ज्या घटात रस शाबूत आहे तो ओतून 'स्वच्छ' करू नका.

माती, जी माती नाही

लाल माती, शेणखत, गांडूळखत, पॉटिंग मिक्स यातलं काहीही नको. ड्रॉसेरासाठी दोन भाग पीट मॉस (दलदलीत साठलेलं जुनं शेवाळ) आणि एक भाग परलाइट (पांढरे, हलके खडे) किंवा जाड सिलिका वाळू, ती स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये वापरतात ती. नदीची वाळू नको, समुद्राची तर नकोच. पीट मॉस कोरडा असताना पाणी झटकून टाकतो, कोमट पाण्यात मळून घ्या.

पीट महाग वाटला तर कोकोपीट चालतं, पण धुऊन. विटेत क्षार भरपूर असतात. रात्रभर भिजवायचं, पिळायचं, पुन्हा भिजवायचं. मी सहा वेळा करते. पहिल्या पिळलेल्या पाण्याचा मीटर माझ्याकडे सातशेच्या वर गेला होता, सहाव्याला चाळीसवर आला. शेवटचे दोन हात तरी शुद्ध पाण्याचे हवेत.

घटपर्णीला हवेशीर लागतं: स्फॅग्नम मॉस, परलाइट, नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे, थोडा लाकडी कोळसा. कुंडी दोन्हींसाठी प्लॅस्टिकची. मातीची कुंडी दिसते छान, पण तिच्यातून क्षार उतरतात.

ऊन, उन्हाळा, पाऊस

ड्रॉसेराची कुंडी ट्रेमध्ये, ट्रेमध्ये बोटाच्या एका पेराएवढं पाणी. घटपर्णीला ट्रे नाही. वरून पाणी घाला, खालून निथळू द्या, मॉस ओलसर राहू द्या. हा फरक न पाळल्यामुळे घटपर्णीची मुळं कुजलेली मी कितीतरी गॅलऱ्यांत पाहिली आहेत.

सकाळचं तीन-चार तास ऊन दोघांनाही मानवतं. दवबिंदूला पुरेसा उजेड मिळतोय की नाही हे तो स्वतः सांगतो: रंग लाल आणि प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब, तर ठीक. पानं हिरवी, लांबट आणि कोरडी, तर उजेड कमी. जुलैत चार-चार दिवस आभाळ भरलेलं असतं तेव्हा मी साध्या वीस वॅटच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली ट्रे सरकवते, पाऊण वीत अंतर, बारा तास. घटपर्णी घट करत नसेल तर कारण बहुधा उजेड नाही तर कोरडी हवा. लोक खत कमी पडलं समजून खत घालतात, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मे महिन्यात ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, आणि कुंड्या लादीवरून उचलून स्टँडवर. पश्चिमेची गॅलरी असेल तर दुपारनंतर लोखंडी ग्रिलच भट्टी होते. झाडं घरात घ्या. पुण्यात माझ्या मावसबहिणीने घटपर्णी बाथरूमच्या खिडकीत टांगलीय. एप्रिलच्या कोरड्या हवेतही तिथे घट येतात, कारण चार माणसं तिथे आंघोळ करतात.

मुसळधार पावसात दवबिंदूचा डिंक धुऊन जातो आणि गोगलगायी चढतात. पत्र्याच्या आत घ्या. मेलेली पानं कात्रीने काढत राहा, बुरशी तिथूनच सुरू होते. मिलीबग, म्हणजे पांढऱ्या कापसासारखी कीड, दिसला तर कानात घालायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक टिपा.

खाऊ

बाहेर ठेवलेल्या झाडाला भरवावं लागत नाही. मी एकदा भिंग घेऊन बर्मानीसमोर बसले होते. कुंडीतल्या ओलीवर घोंघावणारं एक चिलट पानाच्या कडेला टेकलं, आणि कडेचे लांब केस, ज्यांवर डिंक नसतो, ते काही सेकंदांत आत वळून त्याला मधल्या चिकट केसांवर ढकलून मोकळे झाले. झाड हलताना डोळ्यांनी दिसतं यावर तोवर माझा मनापासून विश्वास नव्हता.

घरात, काचेआड ठेवलेल्यांना मत्स्यालयाच्या दुकानातले वाळवलेले ब्लडवर्म द्या. चिमटीभर, पाण्याने ओले करून, पंधरा दिवसांतून एकदा, एका-दोन पानांना. चिकन, मटण, पनीर, चीज काही नाही; पान सडतं. फ्लायट्रॅप ठेवलंच असेल तर लक्षात असू द्या: आतल्या केसाला साधारण वीस सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच ते मिटतं, आणि एक तोंड आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतं. पेन्सिली कुलपात.

डास, आणि महापालिकेचा माणूस

हा मुद्दा परदेशी लेखांत सापडत नाही, आपल्याकडे तो पहिला. साचलेल्या पाण्याचे ट्रे म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. एका पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले, बॅटरी मारून ट्रेमध्ये वाकून पाहिलं आणि मला नोटिशीची भाषा ऐकवली. मी 'ही झाडं किडे खातात' असं समजावू लागले. 'मॅडम, अळ्या पाण्यात आहेत, झाड वर आहे,' एवढंच ते म्हणाले. बिनतोड. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर रविवारी ट्रे पूर्ण ओतून, घासून, दिवसभर कोरडा ठेवते. एका दिवसाने झाडाचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात हे बुधवारीही. बादलीतली युट्रिक्युलॅरिया गिबा छोट्या अळ्या खाते खरी, पण बादलीवर बारीक जाळी आहेच.

रोपं वाढवणं

स्पॅट्युलाटाचं निरोगी पान देठासकट ओढून काढा, झाकणाच्या बाटलीत शुद्ध पाण्यावर तरंगत ठेवा, उजेडात. महिन्याभरात पानावरच पिल्लं दिसू लागतात. घटपर्णी उंच वेलीसारखी झाली की पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन पेरांचे तुकडे करा, पानं अर्धी कापा, ओल्या स्फॅग्नममध्ये लावून पिशवी घाला. दोन महिने उपटून बघायचं नाही. पी हळद आणि हो गोरी, असा हा मामला नाही. मग कधीतरी नव्या पानाचं टोक दोऱ्यासारखं लांबतं, वाकतं, टोकाला गव्हाएवढी गाठ येते. गाठ फुगत जाते, झाकण घट्ट बंद, पण उजेडासमोर धरली की आतला रस हललेला दिसतो. झाकण बहुतेक रात्री सुटतं. सकाळी चहाचा कप घेऊन जावं तर घट उघडलेला असतो, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याचा काठ बाहेर वळून लाल होतो.

बर्मानीचे तुरे नोव्हेंबरात काळे पडले की पांढऱ्या कागदावर झटका, पुडी बांधा, नाव-तारीख लिहून फ्रिजच्या दारात ठेवा. मी ती औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवते, कारण एकदा पुडीतलं बी कुणीतरी मसाला समजून आमटीत टाकलं होतं. जूनमध्ये ओल्या पीटवर भुरभुरायचं, वर काही पांघरायचं नाही, उजेडातच उगवतं. दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. यंदा ते माझ्या ऑर्किडच्या कुंडीत आणि शेजारच्या काकूंच्या तुळशीतही उगवलेत. तुळशीतले मात्र टिकणार नाहीत, काकू खत घालतात.